जोत्याखालचे दोघे

ब्रीडा टूमीला या पुनर्विकासातून काय मिळणार होतं ते आधी मांडून ठेवावं, म्हणजे पुढे ती चिडली की बाई उगाच चिडते असं कुणी म्हणायला नको. तळमजल्यावरचं एक घर. चाकाची खुर्ची न घासता आत जाईल एवढं रुंद दार, आणि त्याला उंबरा नाही. न्हाणीघरात पायरी नाही, भिंतीला धरायला दांडे. स्वयंपाकघराची खिडकी फ्रायरी लेनवर उघडणारी, म्हणजे कोण कुणाकडे गेलं आणि किती वेळ बसलं, ही मधल्या काळात बंद पडलेली नोंद पुन्हा चालू. आणि नवरा. नग एक, उजवी बाजू बंद, डावी चालू, बोलण्यात दोन शब्द शिल्लक. पण नवरा. तो सध्या टेकडीवरच्या नन्सच्या होममध्ये होता आणि ती सट्ट्याच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावरच्या तात्पुरत्या जागेत. समोरची जुनी इमारत पाडून नवी उभी राहीपर्यंत दोघांना इथे आणून ठेवलं होतं, आणि इथे आल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात मॅलकीची उजवी बाजू गेली. लिफ्ट नव्हती. रुग्णवाहिकेच्या माणसांनी त्याला खुर्चीला बांधून खाली नेलं तेव्हा जिन्याच्या वळणावर खुर्चीचा पाय लागून भिंतीचा गिलावा उडाला. तो खड्डा अजून तसाच होता. चढता-उतरता ती त्यात बोट घालून बघायची. माणूस खाली गेला होता आणि त्याला वर आणायची सोय नव्हती. घरच खाली जमिनीवर आलं तर तो घरी येणार होता.

मंगळवारी सकाळी ती बटाटे सोलत होती आणि आवाज थांबला. जेसीबी मागे येताना टीं-टीं करतो तो आवाज. पहिल्या आठवड्यात त्या आवाजाने तिचं डोकं उठायचं. मग हळूहळू ती त्याच्या नादाला लागली. तो नसला की तिला चैन पडेना. दर टीं-टीं म्हणजे मॅलकी एक बोटभर जवळ, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. तो आवाज थांबला आणि सुरी हातातच राहिली. घरात माणूस गेलं की आमच्या गावाकडे भिंतीवरचं घड्याळ थांबवतात. ती लहान असताना आजीच्या घरी कुणीतरी स्टुलावर चढून लंबक धरला होता आणि मग खोलीत जी शांतता पसरली होती ती कानात बोळा कोंबल्यासारखी होती. तशीच ही. ती खिडकीशी गेली. खाली खड्ड्याभोवती माणसं उभी होती. मग एकाने हेल्मेट काढून छातीशी धरलं. मग दुसऱ्याने. जेसीबीवाला खाली उतरला आणि त्यानेही काढलं. तेव्हा तिला कळलं. "च्यायला," ती म्हणाली. हा शब्द तिचा नव्हता, मॅलकीचा होता. पण घरात तो वापरणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

दुपारी शेजारीण जोसी क्रोटी तीन जिने चढून आली. जोसीचे गुडघे गेलेले आहेत, पण बातमी हातात असली की ते परत येतात. "अगं, सापडले!" ती दारातूनच म्हणाली. "कोण?" "फ्रायर! आपल्या गल्लीचे! आपण कपडे वाळत घालायचो ना, बरोब्बर त्याच्या खाली. ओळीने झोपलेत गं, पाय पूर्वेकडे करून." "मग झोपू देत की. मी उठवायला गेले नव्हते." "तुला काहीच कसं वाटत नाही? सातशे वर्षांपूर्वीचे असतील म्हणे." "मग आजच कशाला वर आले? आणखी एक वर्ष दम धरवला नाही?" जोसी हसली, खुर्चीत बसली आणि चहाची वाट बघू लागली. फ्रायर म्हणजे भिक्षेवर जगणारे मठातले साधू, आणि गल्लीचं नाव फ्रायरी लेन. पिढ्यान्‌पिढ्या पत्रावर ते नाव लिहीत आलो. पण टेकडीवर फ्रान्सिस्कन साधूंचं चर्च आहे, त्यांच्याकडे जाणारी वाट म्हणून फ्रायरी लेन, असं सगळे धरून चाललो होतो. ते चर्च ब्रीडाच्या आजोबांच्या वेळचं आणि गल्ली त्याच्या कितीतरी आधीची, ही साधी वजाबाकी कुणी केली नाही. आता जोसीसकट सगळी गल्ली म्हणत होती की आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं.

काम बंद. खड्ड्यावर पुरातत्त्ववाल्यांचा पांढरा तंबू आला. वर्तमानपत्रवाला आला, शाळेची पोरं आली. ब्रीडा तिसऱ्या मजल्यावरून हे बघायची आणि तिच्या डोक्यात तिडीक जायची. मेलेल्यांचा राग करणं तसं अवघड असतं. ते उलट बोलत नाहीत. पण तिला जमू लागलं. या लोकांनी अर्ज केला नव्हता, रांगेत उभे राहिले नव्हते, डॉक्टरचा दाखला आणून तो चुकीचा म्हणून परत आणला नव्हता; आणि तरी तळमजला पहिल्यांदा त्यांना. तळमजल्याच्याही खाली. बटाटे उकडताना, मोजे वाळत टाकताना ती त्यांच्याशी भांडायची. तुम्ही भिक्षा मागून राहणारे ना? मग सोडा की जागा. दर गुरुवारी ती बसने टेकडीवर जायची आणि मॅलकी तिला बघून म्हणायचा, "कधी?" डोक्यातली ती शीर फुटली तेव्हा शब्दांचं अख्खं कपाट उलटं झालं आणि तळाशी दोनच राहिले: 'कधी' आणि 'च्यायला'. सुरुवातीला ती रडली. मग तिच्या लक्षात आलं की लग्न चालवायला तेवढे पुरतात. बऱ्याच घरांत याहून कमी वापरतात. तो म्हणायचा "कधी?" आणि ती म्हणायची "नाताळला", मग "ईस्टरला", आणि तो डावी भुवई वर करून "च्यायला" म्हणायचा, म्हणजे बघू या. त्या गुरुवारी तिच्याकडे सण नव्हता. ती म्हणाली, "मॅलकी, त्यांना माणसं सापडलीत." "कधी?" तो पुन्हा म्हणाला. तिने त्याच्या पायजम्यावरचा टोस्टचा चुरा झटकला. झटकण्यासारखं काही राहिलं नाही तरी झटकत राहिली.

शेवटी ती भांडायलाच गेली. तंबूच्या कुंपणापाशी जाऊन त्या खोदणाऱ्यांना चार शब्द सुनवायचे असं तिने ठरवलं. पण कामावरच्या माणसांकडे रिकाम्या हाताने जायचं कसं? म्हणून थर्मासभर चहा आणि लोणी लावलेला मनुकांचा पाव बरोबर घेतला. रागाचं अर्धं बळ तिथेच गेलं. खड्ड्यातून एक मुलगी वर आली, गुडघ्यांना चिखल, केसांत चिखल. ग्रान्या तिचं नाव, खोदकामाची प्रमुख. "देवासारख्या आलात," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी कप धरला. "मी देवासारखी नाही आले. तुमचं कधी संपणार ते विचारायला आले." आणि आपण मॅलकीसारखंच बोललो हे ब्रीडाला जाणवलं. "जेवढे निघतील तेवढे निघतील," ग्रान्या म्हणाली. "किती साधू लागतात एका मठाला?" "सगळे साधू नाहीत हो. गावातले लोकही आहेत. फ्रायरांच्या अंगणात पुरलं की स्वर्ग जवळ, अशी समजूत होती. मठाला हयातीतच काहीतरी द्यायचं आणि जागा धरून ठेवायची." "म्हणजे आगाऊ नोंदणी." "तसंच म्हणा." "आणि ताबा मिळाला त्यांना? वेळेवर?" ग्रान्या हसली. चहाचा मोबदला म्हणून की काय, तिने ब्रीडाला कुंपणाच्या आत घेतलं.

फळीवरून चालत दोघी एका कडेला गेल्या. खाली माती ओली, तपकिरी, आणि तिच्यात ते दोघे. ब्रीडाला वाटलं होतं भीती वाटेल, किंवा किळस. काहीच वाटलं नाही. आपण कुणाच्या तरी झोपायच्या खोलीत न विचारता आलो, एवढंच वाटलं. "हा पुरुष," ग्रान्या म्हणाली, "हा आधी आला. ही बाई, बहुधा याची बायको, बऱ्याच वर्षांनी. खड्डा पुन्हा उघडलेला दिसतोय बघा, मातीचा रंग बदलतो तिथे. जागा एकाचीच होती. मग काय केलं, तर याचा हात उचलला आणि छातीवर ठेवला. हे बघा. नुसता ढकलला नाही, नीट ठेवला, बोटांसकट. आणि त्या जागेत तिला बसवलं." ब्रीडाला लग्नानंतरची पहिली खोली आठवली, याच गल्लीतली, याच मातीच्या वर कुठेतरी. मॅलकी डुकराच्या मांसाच्या कारखान्यात कामाला होता. त्याच्या अंगाला खारवण्याच्या मिठाचा वास कायम, साबणाने न जाणारा. पलंग एकाचा. तो मधोमध आडवा व्हायचा, दार लावून बसलेल्या दुकानदारासारखा, आणि ती स्वयंपाकघर आवरून यायची आणि अंधारात म्हणायची, "सरक." तो झोपेत कुरकुरायचा, आधी हात उचलायचा, मग खांदा, मग सगळा भिंतीकडे. उरलेल्या पट्टीत ती शिरायची. ती पट्टी गरम असायची. पुढे मोठा पलंग आला, पोरं आली, ऑस्ट्रेलियाला गेली. पण ती आडवी होताना "सरक" म्हणायचीच, जागा असली तरी. आता टेकडीवर तो एकटा झोपत होता, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, आणि त्याला सरक म्हणणारं कुणी नव्हतं. आणि इथे ही बाई, नाव नाही, चेहरा नाही, अंगठीसुद्धा नाही, हिला जागा मिळाली. "पुढे काय करणार यांचं?" तिने विचारलं. "काढणार. धुऊन, नोंदवून, पेटीत." "एका पेटीत?" "नाही. प्रत्येकाला वेगळी. तसा नियम आहे." "वेगवेगळ्या जागी?" "फळीवर जागा असेल तिथे." "कोणती फळी? वरची की खालची?" आपण ओरडतोय हे तिला उशिरा कळलं. ग्रान्या कप हातात धरून तशीच उभी राहिली. "यांना बायको-नवरा म्हणता, आणि एकाला या कपाटात, दुसऱ्याला त्या! कोण बसतं हे नियम करायला? जिना चढलाय का त्याने कधी?" ती थर्मास तिथेच विसरून घरी आली आणि दिवसभर तिला कुणाचा राग आला होता ते ठरवता येईना. मेलेल्यांचा होता, तो हातातून निसटला होता.

चर्चच्या हॉलमधली सभा त्यानंतरची. इमारत बांधणाऱ्या कंपनीतर्फे प्रेंडरगास्ट नावाचा माणूस आला होता, लोकांना समजावणं हेच त्याचं काम. मऊ आवाज, ओले केस. त्याने दोन वाटा सांगितल्या. एक, सगळे सांगाडे काढायचे. त्याला किती काळ लागेल ते कुणी सांगू शकत नाही. दुसरी, जे उघडले आहेत तेही परत झाकायचे, वर वाळू, वर कापड, आणि त्यांना धक्का न लावता वरून इमारत उभी करायची. "म्हणजे त्यांची झोपमोड नाही आणि आपला वेळही जाणार नाही," तो म्हणाला. "थोडे बदल होतील अर्थात." ब्रीडाने मनात हिशेब जुळवला. मातीतले ते दोघे एकत्र राहणार, आणि मॅलकी लवकर येणार. आयुष्यात कधी नव्हे ते दोन्ही हात भरून मिळत होतं. आणि असं मिळायला लागलं की बाई सावध होते. 'बदल म्हणजे काय?' हे शब्द तिच्या जिभेवर आले. ती खुर्चीवरून अर्धी उठलीसुद्धा. तेवढ्यात फादर कॉन्डन उभे राहिले. "निर्णयाआधी आपण त्या आत्म्यांसाठी रोझरीचं एक दशक म्हणू या," ते म्हणाले आणि उत्तर न ऐकता, माळेचे दहा मणी मोजत, प्रार्थनेला सुरू झाले. सगळा हॉल गुडघ्यावर आला. ज्यांचे गुडघे वाकत नव्हते त्यांनी निदान पुढच्या खुर्चीवर कपाळ टेकलं. आता रोझरी चालू असताना घराच्या नकाशाचं विचारायचं तरी कसं? गावात एकवेळ जिवंत माणसाशी भांडण चालतं, कोर्टात खेचलेलं चालतं. पण तो मेला की त्याच्या दाराशी पहिलं तुम्हीच जायचं, हात हातात घेऊन 'वाईट झालं' म्हणायचं, आणि जेवूनच यायचं. ज्याच्यावर थुंकला नसतात त्याच्याही शवपेटीला खांदा द्यायचा. मेलेल्याच्या समोर स्वतःचं काही मागणारा माणूस आमच्याकडे पिढीभर लक्षात ठेवतात. ब्रीडाने प्रश्न गिळला. 'आमेन' झालं, आणि 'आमेन'च्याच श्वासात फादर म्हणाले, "त्यांना शांत राहू द्यावं असं ज्यांना वाटतं…" आणि ब्रीडाचा हात वर गेला. पहिला. मग जोसीचा, मग सगळ्यांचे. खाली ठेवून बसायची कुणाची हिंमत होती? मग चहा आला, हॅमचे सँडविच आले, आणि जोसी तिच्या कानाशी म्हणाली, "तू तर असा हात वर केलास जसा काही तुझा आजाच पडलाय तिथे."

काम खरंच झपाट्याने सुरू झालं. टीं-टीं परत आली. वाळूच्या गाड्या आल्या, तिने खिडकीतून त्या दोघांवर पांघरूण पडताना पाहिलं. गुरुवारी तिने मॅलकीला सण सांगितला, पक्का, आणि तो "च्यायला" म्हणाला, हसून. नंतर भिंती चढू लागल्या. काहीतरी चुकतंय असं तिला आधी नजरेने वाटलं, कपडा तिरका बेतला की वाटतं तसं. दाराची चौकट बसली ती रस्त्यावर उभ्या असलेल्या गवंड्याच्या छातीपाशी. तिने वाट पाहिली. रस्ता वर घेतील. रस्ता कुणी वर घेतला नाही. दारापुढे पायऱ्या ओतल्या गेल्या, तेव्हा ती घरातल्या चपलांनिशी खाली धावली. प्रेंडरगास्ट तिथेच होता. "हे काय आहे?" "जोतं आहे, मिसेस टूमी. खाली धक्का लावायचा नाही म्हटल्यावर पाया खोल नेता येत नाही. म्हणून इमारत उचलून घेतली." "खुर्ची कशी चढणार?" "उताराला गल्लीत लांबी पुरत नाही. आणि यांत्रिक पाळणा लावायचा तर त्यालाही खाली खड्डा लागतो." तो खरोखर दुःखी दिसत होता, तेही त्याचं कामच होतं. "खुर्चीवाली घरं रद्द नाहीत केलेली. दुसऱ्या टप्प्यात आहेत, मागे, गाड्या उभ्या करतात तिकडे." "कधी?" "तारीख अजून नाही. तुम्हाला तुमचं घर मिळेल, अर्थात. चांगलं आहे, उजेड आहे." "माझं घर घेऊन मी काय करू? कुणाला विचारून केलंत हे?" "सभेत सांगितलं होतं, बदल होतील म्हणून. सगळ्यांनी हात वर केला." तो जरा थांबला. "तुमचा तर पहिला होता." तिला त्याच्या मुस्काटात मारायची होती. हात उचलला गेला नाही. एकदा उचलला होता, तेवढा पुरला. ती पायरीवर बसली. दगड गार होता. खाली, वाळूच्या खाली, ते दोघे होते. तिने त्यांचा राग करायचा प्रयत्न केला. जमेना. मग स्वतःचा करून बघितला. तो बराच पुरेल असं दिसलं.

"एवढं काय मनाला लावून घेतेस," जोसी म्हणाली. "त्याला तिकडे वेळेवर औषध, वेळेवर आंघोळ. तुला जमलं असतं का उचलायला?" ब्रीडा म्हणाली, "तुला कितवा मजला मिळाला, जोसी?" "पहिला. माझ्या गुडघ्यांना म्हटलं, सोसा." आणि मग, खालच्या आवाजात, "खोली मोठी आहे गं. पण मला वाटतं मीही विचारायला हवं होतं. विचारणारच होते. पण रोझरी…" "हो," ब्रीडा म्हणाली, "रोझरी."

गुरुवारी ती टेकडीवर गेली तेव्हा पर्समध्ये नवी किल्ली होती. बसमध्ये ती पर्सच्या तळाशी खुळखुळत होती. मॅलकी बिछान्यात होता, उजवा हात पांघरुणावर, कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा. "कधी?" तो म्हणाला. तिने खुर्ची ओढली आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. जेसीबी थांबला तो मंगळवार, हेल्मेट काढणारी माणसं, मनुकांचा पाव, ते दोघे, उचलून छातीवर ठेवलेला हात, हॉल, रोझरी, तिचा हात. पायऱ्या. तिने काही गाळलं नाही. गाळलं असतं तरी त्याला कळलं नसतं, असं डॉक्टर म्हणायचे, पण डॉक्टरांनी त्याच्याबरोबर संसार केला नव्हता. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आता मला विचारू नकोस. मला माहीत नाही." ती दुसऱ्या शब्दाची वाट बघत होती. तो आला असता तर बरं वाटलं असतं. मॅलकी तो म्हणाला नाही. त्याने डावा हात आडवा आणला, उजव्याचं मनगट धरलं, आणि तो हात उचलून सावकाश छातीवर ठेवला. बोटं वाकडी राहिली होती, ती एकेक करून सरळ केली. मग डाव्या कोपरावर जोर देत, कुरकुरत, आधी खांदा, मग सगळा, तो पलीकडच्या कठड्याकडे सरकला. तिच्या बाजूला एक पट्टी मोकळी झाली. तिने अलीकडचा कठडा खाली केला आणि बूट न काढता, कोट न काढता त्या पट्टीत शिरली. ती गरम होती.

दार उघडलं. शायनी, केरळची नर्स, चहाची गाडी घेऊन उभी होती. "मिसेस टूमी! बिछान्यावर नाही. सांगितलंय ना मी? मेट्रनने बघितलं तर मला बोलणी बसतात." ब्रीडा हलली नाही. शायनीने मॅलकीकडे पाहिलं, छातीवरच्या हाताकडे पाहिलं. "मी दुसऱ्या टोकापासून गाडी सुरू करते," ती म्हणाली. "इथे येईपर्यंत उठलेल्या असा." गाडीची चाकं कुरकुरत लांब गेली. छताकडे बघत पडल्या-पडल्या ब्रीडा मनात जुळवू लागली, तिच्या सवयीप्रमाणे. फ्रायरांना शांतता. फादर कॉन्डनना भिंतीवर पाटी आणि वर्षाची एक मिस्सा-प्रार्थना. कंपनीचा खोदाईचा खर्च वाचला. ग्रान्याला उघडलं तेवढ्यावर लिहिता येईल. जोसीला मोठी खोली. त्या बाईला नवरा, होता तोच, होता तिथेच. तिला स्वतःला एक किल्ली. हॉलमध्ये ज्यांनी ज्यांनी हात वर केला त्या सगळ्यांच्या पदरात काही ना काही पडलं होतं. किंमत भरणारा तेवढा हॉलमध्ये नव्हता. तो इथे होता, कठड्याला टेकून, तिच्यासाठी अर्धी जागा सोडून.